'खोटे' किती प्रकारचे? : खऱ्या नसलेल्या वस्तूंची इंग्रजी विशेषणे आणि आपली मराठी

इंग्रजीत 'खरे नसलेले' असे सांगणारी विशेषणे मोजायला बसले तर दोन्ही हातांची बोटे पुरत नाहीत. इमॅजिनरी, फिक्शनल, फिक्टिशस, मिथिकल, फॉल्स, फेक, काउंटरफिट, स्प्युरियस, बोगस, आर्टिफिशियल, इमिटेशन, मॉक, व्हर्च्युअल, फँटम. शाळेत आपण यांचे अर्थ पाठ केले ते बहुतेक दोनच शब्दांच्या आधाराने. काहींपुढे 'खोटे' लिहिले, उरलेल्यांपुढे 'काल्पनिक'. परीक्षेपुरते ते चालून गेले. व्यवहारात मात्र चालत नाही. नाटकातला राजा खोटा, बाजारातली नोट खोटी, आजोबांचे दात खोटे आणि सुनेचे दुखणेही खोटे, असे एकाच शब्दात सांगितले की चौघांपैकी निदान तिघांवर अन्याय होतो.

वाचकहो, या विषयात एका होमिओपॅथीच्या डॉक्टरने का पडावे, असे आपल्याला वाटेल. कारण साधे आहे. करजगीसारख्या सीमेवरच्या गावात रोगी बोलतो मराठीत, कन्नडात किंवा दख्खनीत, आणि त्याच्या तपासण्यांचे कागद सोलापूरहून वा कलबुर्गीहून येतात ते इंग्रजीत. कागदावरच्या एका विशेषणाचे घरात जे भाषांतर होते, त्यावर त्या माणसाशी पुढचे सहा महिने घरचे कसे वागतील हे ठरते. म्हणून ही विशेषणे नीट समजून घेणे हा माझ्या दृष्टीने केवळ भाषेचा षोक नाही.

'खोटा' हा शब्द कुठून आला?

आधी आपला शब्द पाहू. 'खोट' म्हणजे उणेपणा, दोष, धातूतली भेसळ. ज्या नाण्यात खोट आहे ते खोटे नाणे आणि जे पारखून उतरले ते खरे. म्हणजे हा शब्द मुळात सराफाच्या पेढीवर शोभणारा. पुढे तो बोलण्याला लागला आणि 'खोटे बोलणे' रूढ झाले. आपल्या भागातल्या कन्नडनेही तो उचलला आहे. कन्नड वर्तमानपत्रात बनावट नोटेला 'खोटा नोटु' म्हणतात आणि उत्तर कर्नाटकात बनावट दाखल्याला 'खोट्टी' दाखला. बोलण्यातल्या असत्याला मात्र कन्नडात वेगळा शब्द आहे, 'सुळ्ळु'. निजामी राजवटीच्या कागदोपत्री उर्दूतून 'नकली', 'जाली', 'फर्जी' हे शब्दही आपल्याकडे मुरले. या चार शब्दांत जो फरक आहे, तोच इंग्रजीने चौदा शब्दांत पसरून ठेवला आहे.

आपली मराठीही या बाबतीत गरीब नाही. लहान मुलगी बाहुलीला चहा पाजते तेव्हा ती 'खोटा चहा' म्हणत नाही, 'खोटा-खोटा चहा' म्हणते. शब्द दोनदा उच्चारला की त्यातली फसवणूक निघून जाते आणि खेळ उरतो. मुलांची लढाई 'लुटुपुटूची' असते. नातवावरचा आजीचा राग 'लटका' असतो. इंग्रजीत त्यालाच 'मॉक' म्हणतात. बहुरूपी 'सोंग' घेतो, भोंदू 'ढोंग' करतो. बहुरूपी पोलिसाच्या वेशात दारात आला तर आपण घाबरत नाही, पैसे देतो, कारण सोंग आहे हे त्यालाही ठाऊक आणि आपल्यालाही. ढोंगात ते एकालाच ठाऊक असते. रोजच्या बोलण्यात ही सीमा पुसट होते, आपण 'झोपेचे सोंग' असेही म्हणतो. पण भेद आपल्या कानाला कळतो, हे महत्त्वाचे.

चार प्रश्न

इंग्रजी विशेषणे पाठ करण्यापेक्षा चार प्रश्न लक्षात ठेवावेत, असे मी सुचवतो. पहिला : ही वस्तू जगात आहे का, की फक्त मनात किंवा पुस्तकात आहे? दुसरा : ती खरी नाही हे समोरच्याला माहीत आहे का? तिसरा : ती दुसऱ्या कुणाच्या नावावर वावरते आहे का? चौथा : ती ज्या कामासाठी आहे ते काम करते का? या चार उत्तरांवरून बहुतेक वेळा योग्य विशेषण सापडते.

मनातले आणि पुस्तकातले

'इमॅजिनरी' म्हणजे काल्पनिक. वस्तू मनात आहे, बाहेर नाही. विषुववृत्त ही काल्पनिक रेषा आहे, असे आपण भूगोलात शिकलो. याच धातूपासून आलेल्या आणखी दोन शब्दांशी विद्यार्थी गल्लत करतात. 'इमॅजिनेटिव्ह' म्हणजे कल्पक आणि 'इमॅजिनेबल' म्हणजे कल्पना करता येण्याजोगे. 'माझा मुलगा कल्पक आहे' आणि 'माझा मुलगा काल्पनिक आहे' या दोन वाक्यांतले अंतर कोणालाही कळेल. काल्पनिक म्हणजे निरुपयोगी असेही नाही. उणे एकचे वर्गमूळ सामान्य संख्यांत सापडत नाही. १६३७ साली फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त याने अशा मुळांना काहीशा तुच्छतेनेच 'इमॅजिनरी' म्हटले. आज तीच काल्पनिक संख्या घेऊन अभियंते आपल्या घरात येणाऱ्या प्रत्यावर्ती विजेचे गणित करतात. चौथ्या प्रश्नाचे उत्तर इथे 'होय, काम करते' असे आहे.

'फिक्शनल' म्हणजे कथेतले. चिं. वि. जोशी यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ फिक्शनल आहेत. त्यांना 'खोटी माणसे' म्हणणे चूक, कारण ते कुणाला फसवायला निघालेले नाहीत. वाचकाला पहिल्या ओळीपासून सगळे ठाऊक असते. आर. के. नारायण यांचे मालगुडी हे गाव १९३५ सालच्या 'स्वामी अँड फ्रेंड्स' या कादंबरीत प्रथम आले. नकाशात ते नाही. पण शंकर नाग यांनी दूरदर्शनसाठी मालिका केली तेव्हा शिवमोग्गा जिल्ह्यातील अरसाळु हे छोटे रेल्वे स्थानक मालगुडीचे स्थानक झाले. आता रेल्वेने तिथे मालगुडीचे संग्रहालय केले आहे. नसलेल्या गावाच्या नावाचे असलेले संग्रहालय! आणि ज्या साहित्यप्रकाराला मराठीत व कन्नडात आपण 'कादंबरी' म्हणतो, ते नाव सातव्या शतकातील बाणभट्टाच्या संस्कृत गद्यकथेच्या नायिकेचे आहे. एका कल्पित स्त्रीचे नाव दोन भाषांतल्या सगळ्या कल्पित कथांना मिळाले.

'फिक्टिशस' हा फिक्शनलचा सख्खा भाऊ, पण स्वभाव वेगळा. फिक्शनल म्हणजे कथेच्या जगातले. फिक्टिशस म्हणजे रचून खऱ्या जगाच्या कागदावर मांडलेले. खातेवहीत अस्तित्वात नसलेल्या माणसाचे नाव घातले तर ते फिक्टिशस नाव. हजेरीपटावर कधीच कामावर न आलेला मजूर दाखवला तर तो फिक्टिशस मजूर. त्यात नेहमीच लबाडी असते असे नाही. वि. वा. शिरवाडकरांनी कविता लिहिताना 'कुसुमाग्रज' हे नाव घेतले, त्याला आपण टोपणनाव म्हणतो, खोटे नाव म्हणत नाही. पण रचलेले आणि व्यवहारात वापरलेले, हे दोन अंश फिक्टिशसमध्ये असतात.

मग चित्रपटाच्या सुरुवातीला 'यातील सर्व पात्रे काल्पनिक आहेत' अशी जी पाटी येते, तिच्या इंग्रजी रूपात बहुधा फिक्टिशस हाच शब्द का असतो? त्यामागे एक खटला आहे. १९३२ साली हॉलिवूडच्या एमजीएम कंपनीने रशियातील रासपुतिनवर चित्रपट काढला. त्यातील एका राजकन्येवर रासपुतिन अत्याचार करतो, असे सुचवले होते. ते पात्र आपल्यावरूनच बेतले आहे, असे म्हणत राजकन्या इरिना युसुपोव्ह हिने इंग्लंडमध्ये अब्रुनुकसानीचा दावा लावला. १९३४ साली ती जिंकली आणि तिला २५,००० पौंडांची भरपाई मिळाली. त्यानंतर अशी पाटी लावण्याची प्रथा बळावली. म्हणजे ती पाटी रसिकासाठी कमी आणि वकिलासाठी जास्त असते. ती असे म्हणत नाही की ही गोष्ट मनोराज्यातली आहे. ती म्हणते की या नावांमागे जगातला कोणी खरा माणूस शोधू नका.

'मिथिकल'चे भाषांतर आपण सरसकट 'पौराणिक' असे करतो. तिथे जपून. मराठीत 'पौराणिक' म्हणजे पुराणात आलेले. ते घडले की नाही याविषयी तो शब्द काही म्हणत नाही. इंग्रजीत मात्र मिथिकल म्हटले की 'प्रत्यक्षात नसलेले' अशी छटा बऱ्याचदा येते. लोखंडाचे सोने करणारा परीस किंवा दोन डोक्यांचा गंडभेरुंड पक्षी हे मिथिकल. तो गंडभेरुंड म्हैसूरच्या राजघराण्याच्या चिन्हावर होता आणि आज कर्नाटकाच्या राज्यचिन्हावर आहे. पक्षी कुणी पाहिला नाही, पण त्याचा शिक्का असलेला कागद तहसील कार्यालयात चालतो.

फसवणुकीचे शब्द

आता तिसऱ्या प्रश्नाकडे वळू. वस्तू दुसऱ्याच्या नावावर वावरते आणि समोरच्याला ते माहीत नसते, तेव्हा फेक, काउंटरफिट, स्प्युरियस, बोगस हे शब्द येतात. 'फेक' हा यातला सर्वांत मोकळा शब्द. कशालाही लागतो : फेक बातमी, फेक पदवी, फेक हसू. 'काउंटरफिट' म्हणजे हुबेहूब नक्कल करून खऱ्याच्या जागी चालवलेली वस्तू. नोटा, नाणी, मुद्रा. मराठीत 'बनावट नोटा' हा शब्द नेमका आहे. मुलांच्या खेळातल्या नोटाही छापलेल्याच असतात, पण त्या काउंटरफिट नव्हेत, कारण त्या चालवायच्या नसतात. 'सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही' ही म्हण इथे आठवावी. पैशाचे सोंग आणले की ते लगेच गुन्हा होते.

'बोगस' हा शब्द मराठी वर्तमानपत्रांनी इतका आपलासा केला आहे की तो इंग्रजी आहे हेही आपण विसरलो. बोगस बियाणे, बोगस मतदार, बोगस डॉक्टर. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत खोटी नाणी पाडण्याच्या यंत्राला बोगस म्हणत. म्हणजे त्यांचा बोगस आणि आपला खोटा, दोघेही नाण्यांच्या दुनियेतूनच आले.

'फॉल्स' आणि 'फेक' यांतही भेद आहे. फॉल्स बातमी म्हणजे चुकीची बातमी. देणाऱ्याचा हेतू स्वच्छ असू शकतो. फेक बातमी म्हणजे मुद्दाम रचलेली. दोन्हींना 'खोटी बातमी' म्हटले की भाबडेपणाने निरोप पुढे पाठवणारा शेजारी आणि तो रचणारा लबाड एकाच पिंजऱ्यात उभे राहतात.

'स्प्युरियस' हा शब्द आमच्या व्यवसायात फार महत्त्वाचा. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात औषधाच्या दोषांसाठी वेगवेगळी विशेषणे आहेत. कलम १७ मध्ये 'मिसब्रँडेड', म्हणजे ज्याचे लेबल दिशाभूल करणारे आहे ते; १७ अ मध्ये 'अडल्टरेटेड', म्हणजे भेसळीचे; १७ ब मध्ये 'स्प्युरियस', म्हणजे बनावट. दुसऱ्या औषधाचे नाव लावलेले, दुसऱ्या औषधाची नक्कल करून बनवलेले, आतले औषध बदलून दुसरेच घातलेले, हे सर्व स्प्युरियस. लेबलावर ज्या उत्पादकाचे नाव आहे तो उत्पादकच फिक्टिशस असेल तर तेही स्प्युरियस. आधी पाहिलेला फिक्टिशस हा शब्द कायद्याने इथे अगदी त्याच अर्थाने वापरला आहे. आणि जे औषध एका उत्पादकाचे म्हणून विकले जाते पण खरोखर त्याचे नसते, तेही स्प्युरियसच. नीट पाहा, या शेवटच्या प्रकारात गोळीत औषध असूही शकते. तरी ती बनावट, कारण ती दुसऱ्याच्या नावावर वावरते. उलट नामांकित कारखान्याची खरीखुरी गोळी प्रमाणापेक्षा कमी ताकदीची निघाली, तर ती हलक्या दर्जाची ठरते, बनावट नव्हे. रोग्याला दोन्हींचा तोटा आहे. पण पहिल्यात गुन्हेगार शोधायचा असतो आणि दुसऱ्यात कारखान्याची चूक. विशेषण चुकले की तपास चुकीच्या दारात जातो.

या गटासाठी मराठीत एक अस्सल शब्द आहे : 'तोतया'. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पण ते जिवंत असतील अशी आशा अनेकांना होती. त्या आशेचा फायदा घेऊन एक माणूस भाऊसाहेब म्हणून पुढे आला. काही लोकांनी त्याला मानलेही आणि कोकणात बंड उभे राहिले. अखेर १७७६ मध्ये पुण्यात त्याला देहदंड झाला. पुढे न. चिं. केळकरांनी याच विषयावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिले. आता त्या नाटकाचा प्रयोग डोळ्यांपुढे आणा. रंगमंचावरचा नट तोतयाची भूमिका करतो आणि तो तोतया भाऊसाहेबांची. वेश तोच, दावा तोच. तरी १७७६ च्या तोतयाला शिक्षा झाली आणि नटाला टाळ्या मिळाल्या. फरक दुसऱ्या प्रश्नात आहे : पाहणाऱ्याला ठाऊक आहे का?

जागा भरून काढणारे

'आर्टिफिशियल' म्हणजे कृत्रिम. या शब्दाच्या मुळाशी 'आर्ट', म्हणजे कसब आहे, आणि 'कृत्रिम'च्या मुळाशी 'कृ', करणे. दोन्हींत निंदा नाही. निसर्गाने नव्हे, माणसाने केलेले, एवढाच अर्थ. कृत्रिम श्वासोच्छ्वासाने आत जाणारी हवा खरीच असते. १९६८ साली डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी जयपूर फूट तयार केला. पाय गमावलेला माणूस तो लावून शेतात चालतो, मांडी घालून बसतो. त्या पायाला आपण बोलताना 'खोटा पाय' म्हणतो आणि कवळीला 'खोटे दात'. बोलण्यात ते रुळले आहे, त्यावर माझा आक्षेप नाही. पण लिहिताना 'कृत्रिम' लिहावे, कारण चौथ्या प्रश्नाला तो पाय ठणठणीत 'होय' म्हणतो.

'इमिटेशन' म्हणजे नक्कल, आणि बहुधा उघडपणे केलेली. लग्नात एक ग्रॅम सोन्याचा हार घालणारी बाई कुणाला फसवत नाही. दुकानदारही तो तसाच सांगून विकतो. तोच हार कोणी बावीस कॅरेटचा म्हणून गळ्यात मारला तर त्या क्षणी तो बनावट झाला. हार बदलला नाही, बोलणे बदलले.

मानलेले आणि ठरवलेले

यापलीकडे आणखी एक गट आहे. त्याला 'खोटे' म्हणणे तर दूरच, 'काल्पनिक'ही म्हणता येत नाही. मराठीत त्याला सुंदर शब्द आहे : 'मानलेला'. मानलेला भाऊ हा खोटा भाऊ नव्हे. रक्ताचे नाते नाही हे दोघांनाही माहीत असते आणि तरी भाऊबीजेचे ताट खरे असते. कायद्याने याच धातूवरून 'मानीव' हा शब्द घडवला आहे. महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांना ठाऊक असलेले 'मानीव अभिहस्तांतरण' हे त्याचे उदाहरण. बांधकाम व्यावसायिकाने जमीन संस्थेच्या नावे करून दिली नाही, तरी ती करून दिली असे कायदा मानतो आणि त्यावर मालकी उभी राहते. इंग्रजीत याला 'डीम्ड' म्हणतात.

आपल्याजवळची राज्याची सीमा घ्या. शेतात ती रेघ दिसत नाही. भीमेच्या पाण्यालाही तिची खबर नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य विभागले गेले, गुलबर्गा म्हैसूर राज्यात आले. १९७३ साली त्याच तारखेला म्हैसूर राज्याचे कर्नाटक झाले आणि २०१४ साली, पुन्हा त्याच तारखेला, गुलबर्ग्याचे कलबुर्गी. या सर्व ठरवलेल्या गोष्टी. पण मुलाच्या शाळेची भाषा, सातबारा की पहाणी, कोणत्या गावच्या कचेरीत जायचे, हे सगळे त्या ठरवलेल्या रेषेवर अवलंबून आहे. तिला काल्पनिक म्हणून सोडून देणे सीमेवरच्या माणसाला परवडत नाही.

'तत्त्वार्थसूत्रा'त कोणत्याही शब्दाकडे पाहण्याच्या चार बाजू सांगितल्या आहेत : नाम, स्थापना, द्रव्य आणि भाव. एखाद्या मुलाचे नाव 'राजा' ठेवले, हे नाम. बुद्धिबळाच्या पटावरचा लाकडी राजा, ही स्थापना. उद्या गादीवर बसणाऱ्या युवराजाला आजच राजा म्हटले, ते द्रव्य. आज प्रत्यक्ष राज्य करणारा राजा, हा भाव. चौघांपैकी कोणालाही 'राजा' म्हणणे असत्य नाही. एकाच्या जागी दुसरा धरला की घोटाळा होतो. इंग्रजी विशेषणांच्या बाबतीत हेच सांगता येईल.

'व्हर्च्युअल'चा घोटाळा असाच आहे. विज्ञानाच्या पुस्तकात आरशातल्या प्रतिमेला 'आभासी प्रतिमा' म्हणतात आणि तिथे तो शब्द योग्य आहे. पुढे संगणक आला आणि आपण 'आभासी वर्ग', 'आभासी सभा' म्हणू लागलो. पण इंग्रजीत व्हर्च्युअल म्हणजे 'नावाने नसले तरी परिणामाने तेच'. २०२० च्या साथीत मुले घरी बसून शिकली तो वर्ग भास नव्हता. शिक्षक खरे, धडे खरे, आणि शुल्कही चांगलेच खरे होते. अशा ठिकाणी 'दूरस्थ' म्हणावे, अर्थ सांडत नाही.

दुखण्याचे विशेषण

आता ज्या कारणासाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येतो. १६७३ साली फ्रेंच नाटककार मोलिएर याने एक विनोदी नाटक लिहिले. इंग्रजीत ते 'द इमॅजिनरी इनव्हॅलिड' म्हणून ओळखले जाते. त्याचा नायक आर्गां धडधाकट असून स्वतःला रोगी समजतो. ती भूमिका मोलिएर स्वतः करीत असे आणि त्याची छाती खरोखरच रोगाने पोखरलेली होती. १७ फेब्रुवारी १६७३ रोजी, चौथ्या प्रयोगात, त्याला रंगमंचावरच उबळ आली. प्रयोग त्याने पुरा केला आणि काही तासांत त्याचा मृत्यू झाला. काल्पनिक रोग्याचे सोंग घेतलेला खरा रोगी! बाहेरून दिसणाऱ्या लक्षणांवरून विशेषण लावण्याची घाई किती महागात पडते, याचे यापेक्षा कठोर उदाहरण मला ठाऊक नाही.

दवाखान्यात येणारे एक नेहमीचे चित्र सांगतो. मध्यमवयीन बाई. छातीत कळ, हातापायांत मुंग्या. हृदयाचा आलेख, रक्त, सगळे ठीक. बरोबरची मंडळी मोकळी होऊन म्हणतात, 'काही नाही तिला, सोंग आहे.' आणि ती बाई हळूच कन्नडात म्हणते, 'सुळ्ळ ब्यानी अल्लरी', हे खोटे दुखणे नव्हे हो. इथे आपले चार प्रश्न कामाला येतात. सोंग असेल तर तिला ठाऊक असेल की दुखत नाही. आजाराची अवास्तव भीती असेल तर दुखण्याचे कारण तिने कल्पिले असेल, पण भीती खरी असेल. तिसरी शक्यता : दुखते खरोखर, पण कारण आमच्या यंत्रांना अजून दिसलेले नाही. या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. 'खोटे' हा एक शब्द त्या तिन्हींना गिळून टाकतो.

नसलेल्या वस्तूचे दुखणे खरे असू शकते याचा पुरावा वैद्यकात दीडशे वर्षांपासून आहे. अमेरिकेतील यादवी युद्धात हातपाय कापावे लागलेल्या सैनिकांना तो नसलेला अवयव जाणवे, दुखे. डॉ. सायलस वीअर मिचेल यांनी १८७१ साली त्याला 'फँटम लिंब' असे नाव दिले. फँटम म्हणजे भुतासारखे, असून नसलेले. अवयव फँटम, वेदना मात्र अस्सल. पुढे १९९० च्या दशकात डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी एक साधी पेटी वापरली. त्यात आरसा. रोग्याने उरलेला हात आरशापुढे हलवला की गेलेला हात हलतो आहे असे दिसे, आणि काही रोग्यांची वेदना कमी होई. आभासी प्रतिमेने, नसलेल्या हाताची, खरी वेदना! तीन विशेषणे एका वाक्यात, आणि एकाची जागा दुसऱ्याला देता येत नाही.

प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली गोळी, हीदेखील 'खोटी गोळी' म्हणून ओळखली जाते. लॅटिनमध्ये प्लासिबोचा अर्थ 'मी संतुष्ट करीन'. १९७८ साली लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स या अमेरिकी संशोधकांनी दात काढलेल्या रोग्यांवर प्रयोग केला. प्लासिबोने ज्यांना आराम पडला होता त्यांना अफूजन्य औषधांचा परिणाम रोखणारे नॅलोक्सोन दिले, तेव्हा त्यांची वेदना वाढली. त्यावरून त्यांनी असे मांडले की शरीर स्वतःच वेदनाशामक द्रव्ये सोडत असावे. होमिओपॅथीवरच्या जुन्या वादात मी इथे शिरत नाही. मुद्दा विशेषणाचा आहे. गोळीला खोटी म्हणा, पण त्या रोग्याचा आराम खोटा होता असे म्हणता येणार नाही.

तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी घरात कोणाचा इंग्रजी अहवाल वाचून दाखवायची वेळ आली, तर एवढे करावे. 'नॉर्मल' याचे भाषांतर 'तुला काही झालेले नाही' असे करू नये. 'या तपासणीत काही आढळले नाही' असे करावे. 'फंक्शनल' असे लिहिले असेल तर त्याचा अर्थ 'मनाचे खेळ' असा लावू नये. अवयवाच्या बांधणीत दोष दिसला नाही, त्याच्या कामात बिघाड आहे, असा त्याचा अर्थ. आणि सोंग हा शब्द बहुरूप्यासाठी राखून ठेवावा.

त्या बाईला जे सांगायचे ते मराठीत अगदी सोपे आहे : 'तुमचे दुखणे खरे आहे. कारण अजून सापडलेले नाही.'